लक्झेंबर्गच्या मनोऱ्यापासून कोलोनच्या बाजारपेठेपर्यंत : 'आरटीएल' या जर्मन खाजगी वाहिनीची वाटचाल

दूरचित्रवाणीचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा तिच्या दुष्परिणामांचीच चर्चा होते. मुलांचा बुडणारा अभ्यास, पडद्यावरील निर्लज्जपणा, मगरिबच्या वेळी घराघरांत चालू असलेले संच या तक्रारी रास्त आहेत आणि त्या या साप्ताहिकात वेळोवेळी मांडल्याही गेल्या आहेत. परंतु दूरचित्रवाणी हा एक प्रचंड धंदाही आहे. त्यात माल कोणता, गिऱ्हाईक कोण आणि भाव कोण ठरवतो, हे समजून घेतल्याखेरीज आपली तक्रारही अर्धवट राहते. या दृष्टीने जर्मनीतील 'आरटीएल' या खाजगी वाहिनीचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. मूठभर कर्मचाऱ्यांनिशी परक्या देशातून सुरू झालेली ही वाहिनी नऊ-दहा वर्षांत जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ते कसे घडले?

सरकारी नव्हे, पण खाजगीही नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत नभोवाणी व दूरचित्रवाणीची जी व्यवस्था उभी राहिली, ती आपल्या दूरदर्शनसारखी सरकारी खात्याच्या ताब्यात नव्हती. हिटलरच्या राजवटीत नभोवाणी हे प्रचाराचे हत्यार बनले होते. ते पुन्हा कोणत्याही सरकारच्या हाती पडू नये म्हणून स्वायत्त सार्वजनिक संस्था स्थापन झाल्या. १९५० मध्ये 'एआरडी' हा प्रांतिक संस्थांचा संघ झाला आणि १ एप्रिल १९६३ रोजी 'झेडडीएफ' ही दुसरी वाहिनी सुरू झाली. संच बाळगणाऱ्या प्रत्येक घराकडून शुल्क घेतले जाई. जाहिरातींना परवानगी होती, पण कामाच्या दिवशी फक्त २० मिनिटे, तीही रात्री आठच्या आत. रविवारी व सणाच्या दिवशी अजिबात नाही.

येथेच धंद्याची मेख आहे. जर्मनी हा मोटारी, साबण, औषधे आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांचा देश. त्यांना जाहिरातीसाठी वेळ हवा होता आणि तो विकत मिळत नव्हता. जाहिरातदारांना कितीतरी आधी मागणी नोंदवावी लागे आणि मागितला तेवढा वेळ पदरात पडेलच याची खात्री नसे. मागणी भरपूर आणि पुरवठा कायद्याने बांधलेला, अशी ती बाजारपेठ होती. अशा ठिकाणी कोणीतरी कुंपणाबाहेर दुकान थाटणार हे ठरलेलेच असते.

चान्सलर कोनराड आडेनाउअर यांनी केंद्र सरकारच्या पुढाकाराने एक वेगळी दूरचित्रवाणी कंपनी काढण्याचा प्रयत्न केला होता. घटना न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९६१ रोजी तो हाणून पाडला. प्रसारण हा घटक राज्यांचा विषय आहे आणि सरकारने त्यावर कब्जा करता कामा नये, असा तो निकाल होता. पुढे १९८१ मध्ये याच न्यायालयाने, राज्यांनी योग्य कायदा केला तर खाजगी प्रसारणास हरकत नाही, असे सांगितले. १९८२ मध्ये हेल्मुट कोल यांचे सरकार आले आणि पोस्ट खात्याचे मंत्री ख्रिस्तियान श्वार्झ-शिलिंग यांनी देशभर केबल टाकण्याचा धडाका लावला. ही केबल सरकारी पैशाने टाकली गेली, हे ध्यानात ठेवावे. खाजगी वाहिन्यांच्या यशाच्या कथांत हा खर्च सहसा मोजला जात नाही.

छोट्या देशाचा जुना धंदा

आता लक्झेंबर्गकडे वळू. फ्रान्स, जर्मनी व बेल्जियम यांच्या मधोमध वसलेला हा चिमुकला देश. तेथे १९३१ साली एक नभोवाणी कंपनी निघाली व १९३३ पासून तिचे प्रक्षेपण सुरू झाले. 'रेडिओ लक्झेंबर्ग' या नावाने ती इंग्रजीत व फ्रेंचमध्ये कार्यक्रम करी. ब्रिटनच्या बीबीसीवर जाहिरातींना बंदी होती. लक्झेंबर्गवरून त्याच इंग्रज श्रोत्यांना गाणी ऐकवून साबण-बिस्किटे विकता येत. १९५७ पासून जर्मन भाषेतही रेडिओ सुरू झाला. देश लहान आणि गिऱ्हाईक सगळे सीमेपलीकडचे! शेजाऱ्याच्या कायद्यात जेथे फट असेल तेथे पाय रोवायचा, हे या कंपनीचे पन्नास वर्षांचे कसब होते.

१ जानेवारी १९८४ रोजी लुडविग्सहाफेन शहरात केबलचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्यावर 'पीकेएस' नावाची खाजगी वाहिनी दिसू लागली. हीच पुढे 'झाट आइन्स' झाली. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, लक्झेंबर्गमधून 'आरटीएल प्लस' सुरू झाली. तिला केबलची गरज नव्हती. डुडेलांज येथील मनोऱ्यावरून हवेतूनच तिचे चित्र सीमेपलीकडच्या जर्मन प्रदेशात पोहोचत होते. कर्मचारी जेमतेम पंचवीस, जागा अपुरी, आणि दिवसातून काही तासांचाच कार्यक्रम. झेडडीएफच्या बातम्या संध्याकाळी सात वाजता लागत, म्हणून यांनी आपल्या बातम्या सातला सात मिनिटे कमी असताना ठेवल्या आणि कार्यक्रमाचे नावही 'सातच्या आधी सात' असेच दिले. पहिला घास आपल्या ताटातला असावा, एवढीच त्यामागची व्यापारी अक्कल. परंतु ती कामी आली.

या वाहिनीची सूत्रे हेल्मुट थोमा या व्हिएन्नाच्या गृहस्थाकडे होती. तरुणपणी दुग्धशाळेत उमेदवारी केलेला हा माणूस पुढे कायदा शिकला, ऑस्ट्रियाच्या नभोवाणीत कायद्याचे काम पाहू लागला आणि नंतर रेडिओ लक्झेंबर्गसाठी जाहिराती विकणाऱ्या कंपनीत दाखल झाला. म्हणजे कलावंत किंवा पत्रकार म्हणून नव्हे, जाहिरातीचा वेळ विकणारा म्हणून तो या क्षेत्रात वाढला. गळाला लावलेले आमिष माशाला आवडले पाहिजे, कोळ्याला नव्हे, हे त्याचे वचन जर्मनीत प्रसिद्ध आहे. ऐकायला ते चटकदार वाटते. परंतु या उपमेत प्रेक्षक हा मासा आहे, आणि मासा हा गिऱ्हाईक नसतो, तो माल असतो. थोमांच्या धंद्याचे संपूर्ण गणित या एका वाक्यात आले आहे. वाहिनी प्रेक्षकाला काहीच विकत नाही. ती प्रेक्षकांना जाहिरातदाराला विकते, हजाराच्या भावाने.

कोलोनचा सौदा

लक्झेंबर्गच्या मनोऱ्यावरून फार तर काही लाख लोकांपर्यंत पोहोचता येत होते. मोठ्या बाजारपेठेसाठी जर्मनीच्या आत जमिनीवरील प्रक्षेपणाच्या लहरी हव्या होत्या, आणि त्या वाटण्याचा अधिकार राज्यांकडे होता. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया हे सर्वाधिक लोकसंख्येचे राज्य. तेथे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरकार होते आणि या पक्षाचा खाजगी दूरचित्रवाणीला वैचारिक विरोध होता. पण कोळसा व पोलादाचे धंदे मंदावत होते, कारखाने बंद पडत होते, नव्या नोकऱ्यांची निकड होती. अखेर आरटीएलने आपला मुक्काम कोलोनला हलवावा व राज्याने तिला लहरी द्याव्यात, असे जमले आणि १९८८ च्या प्रारंभी वाहिनी कोलोनला आली. तत्त्व एका बाजूला राहिले आणि रोजगार दुसऱ्या बाजूला. आज कोलोन हे जर्मनीच्या दूरचित्रवाणी धंद्याचे एक प्रमुख केंद्र आहे, तेव्हा राज्याचा सौदा अगदीच तोट्याचा झाला असे म्हणता येणार नाही.

यात दुसरा भागीदार होता बर्टल्समान. ग्युटर्सलो या लहान गावात १८३५ साली कार्ल बर्टल्समान यांनी काढलेला हा छापखाना ख्रिस्ती स्तोत्रे व धार्मिक पुस्तके छापत असे. महायुद्धानंतर राइनहार्ड मोन यांनी १९५० मध्ये 'पुस्तक मंडळ' काढून वर्गणीदारांना घरपोच पुस्तके देण्याची पद्धत रुजवली आणि त्या पैशातून एक महाकाय उद्योगसमूह उभा केला. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे आमचा छापखाना बंद करण्यात आला होता, असे ही कंपनी अनेक वर्षे अभिमानाने सांगे. इतिहासकारांच्या स्वतंत्र समितीने २००२ मध्ये दाखवून दिले की ते खरे नव्हते. उलट जर्मन सैन्याला पुस्तके पुरवणाऱ्यांत ही कंपनी आघाडीवर होती. स्तोत्रांच्या छापखान्यापासून पुढे वर्णन केलेल्या कार्यक्रमांपर्यंतचा हा प्रवास धार्मिक संस्थांशी संबंधित व्यावसायिकांनी जरूर पाहावा.

बर्टल्समानच्या 'उफा' या कंपनीने १९८८ मध्ये जर्मन फुटबॉल लीगचे तीन हंगामांचे हक्क १३.५ कोटी मार्कांना घेतले. सार्वजनिक वाहिन्यांच्या हातून फुटबॉल सुटण्याची ही पहिलीच वेळ. पाठोपाठ विम्बल्डनचे हक्कही घेतले. १९८९ साली बोरिस बेकर व स्टेफी ग्राफ या दोन्ही जर्मन खेळाडूंनी विम्बल्डन जिंकले आणि सामने पाहायचे तर खाजगी वाहिनी दिसली पाहिजे, असे घरोघरी वाटू लागले. त्याच सुमारास, डिसेंबर १९८८ मध्ये, 'अ‍ॅस्ट्रा १-ए' हा उपग्रह आकाशात गेला. तोही लक्झेंबर्गच्याच कंपनीचा! एक छोटी डिश घराबाहेर लावली की केबलची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. पूर्व जर्मनीत केबलचे जाळे तुटपुंजे होते. लोकांनी सरळ डिश घेतल्या. ड्रेस्डेनच्या परिसरात तर पूर्वी पश्चिमेकडील एआरडीचे चित्रही पोहोचत नसे. अशा कोट्यवधी नव्या प्रेक्षकांनी खाजगी वाहिन्यांना अधिक पसंती दिली. थोमांना हा लाभ फुकट मिळाला, असेच म्हणावे लागेल.

१९९३ मध्ये एकूण प्रेक्षकांपैकी सुमारे १९ टक्के वाटा मिळवून आरटीएल जर्मनीत पहिली आली. 'प्लस' हे शेपूट तोवर गळाले होते.

माल कोणता होता?

हे यश कशाच्या बळावर मिळाले, हे सांगताना संकोच वाटतो, पण टाळताही येत नाही. १९९० ते १९९३ या काळात 'टुट्टी फ्रुट्टी' नावाचा कार्यक्रम चाले. त्यात स्त्री-पुरुष खेळाच्या निमित्ताने कपडे उतरवत. त्याने वाहिनीला नाव मिळवून दिले, तेही बदनामीच्या मार्गाने. आपल्या दृष्टीने ही कमाई हराम आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र केवळ असल्या कार्यक्रमांवर वाहिनी उभी राहिली असे समजणे चुकीचे होईल. असे कार्यक्रम लोकांना एकदा आणतात, रोज आणत नाहीत. रोज आणणारे काम मे १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'गुटे झाइटन, श्लेष्टे झाइटन' या दैनंदिन मालिकेने केले. नावाचा अर्थ 'सुखाचे दिवस, दुःखाचे दिवस'. तिचा आराखडा ऑस्ट्रेलियातील एका मालिकेवरून घेतलेला होता. सुरुवातीला प्रेक्षक कमी होते व समीक्षकांनी थट्टा केली, तरी वाहिनीने धीर धरला. ती आजही सोमवार ते शुक्रवार चालते. ठरलेली वेळ, ठरलेले चेहरे, परवडणारा निर्मितीखर्च आणि मध्ये जाहिरात. पेढी चालवणाऱ्यास हे सांगायला नको की रोजची थोडी विक्री सणाच्या दिवसाच्या गर्दीपेक्षा अधिक भरवशाची असते.

त्याच वर्षी पेटर क्लोएपेल हे मुख्य बातम्या देऊ लागले व त्यांनी बातम्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९१ मध्ये मिखाएल शूमाखर मोटार शर्यतींत उतरला आणि फॉर्म्युला वनचे रविवार आरटीएलचे झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये सुरू झालेला 'कोण होणार लक्षाधीश' हा प्रश्नांचा खेळ मूळचा ब्रिटिश. त्याच खेळाची भारतीय आवृत्ती, 'कौन बनेगा करोडपती', पुढच्याच वर्षी, जुलै २००० मध्ये आली.

मोजलेली माणसे, न मोजलेली माणसे

प्रेक्षक हाच माल असेल तर तो मोजायला काटा हवा. न्यूरेम्बर्गची 'जीएफके' ही संस्था १९८५ पासून काही हजार निवडक घरांत यंत्र बसवून ही मोजणी करू लागली. थोमांनी त्यात एक चतुराई केली. सार्वजनिक वाहिन्यांचे प्रेक्षक वयस्कर होते. तेव्हा त्यांनी जाहिरातदारांच्या गळी उतरवले की खरा खर्च करणारा ग्राहक १४ ते ४९ वयाचाच असतो. ही सीमा मनाला येईल तशी आखली होती, हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केले. पण पंचवीसहून अधिक वर्षे जर्मनीतील जाहिरातीचे दर याच मोजपट्टीवर ठरत राहिले. २०१३ मध्ये आरटीएलनेच ही सीमा ५९ पर्यंत वाढवली. तिचा स्वतःचा प्रेक्षक म्हातारा होऊ लागला होता, हे त्याचे कारण उघड आहे.

आपल्याला याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. लाखो तुर्की मुसलमान जर्मनीच्या कारखान्यांत, खाणींत राबू लागले व तेथेच स्थायिक झाले. ते तेथे भाडे भरत, कर भरत, मोटारी व साबण विकत घेत. मात्र प्रेक्षक मोजण्याच्या यंत्रणेत त्यांची घरे नव्हतीच. सुरुवातीला फक्त जर्मन कुटुंबांची मोजणी होई. २००१ पासून युरोपीय संघातील इतर देशांचे नागरिक धरले जाऊ लागले. तुर्की नागरिकत्व असलेले तरीही बाहेर. २०१६ मध्ये जर्मन बोलणारी सर्वच घरे, नागरिकत्व न पाहता, त्यात आली. म्हणजे कराराला पंचावन्न वर्षे होईपर्यंत अशा कुटुंबाने आरटीएल पाहिली काय आणि न पाहिली काय, हिशेबात फरक शून्य! जो मोजला जात नाही त्याच्यासाठी कार्यक्रम बनवून वाहिनीला पैसा मिळत नाही. मुसलमान पडद्यावर गुन्ह्याच्या किंवा बुरख्याच्या बातमीपुरताच का दिसतो, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर यात नाही, पण एक भाग निश्चित आहे. द्वेष नसतानाही नुसत्या तराजूने अन्याय होऊ शकतो.

तुर्की कुटुंबांनी आपला मार्ग काढला. त्यांनी डिश लावून तुर्कस्तानच्या वाहिन्या घेतल्या. घरमालक अडवू लागले तेव्हा प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेले. ९ फेब्रुवारी १९९४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की आपल्या मायदेशाचे कार्यक्रम पाहण्याची परदेशी भाडेकरूची गरज घरमालकाला डावलता येणार नाही. योगायोग असा की तुर्कस्तानची पहिली खाजगी वाहिनी 'स्टार १' हीदेखील १९९० मध्ये जर्मनीतूनच उपग्रहाद्वारे सुरू झाली होती, कारण तुर्कस्तानात सरकारी मक्तेदारी होती. लक्झेंबर्गची युक्ती पुन्हा एकदा! आपल्याकडे झी टीव्हीनेही १९९२ मध्ये हाँगकाँगमार्गे हेच केले.

बातमीही माल झाली की काय होते, याचे एक उदाहरण भारताशी जोडलेले आहे. आरटीएलवर 'श्टेर्न टीव्ही' हा साप्ताहिक कार्यक्रम चाले. त्याला व इतर काही कार्यक्रमांना एका मुक्त चित्रपत्रकाराने बनावट चित्रफिती विकल्या. त्यांतील एक भारतात गालिचे विणणाऱ्या मुलांवर होती आणि त्यात 'इकिया' या कंपनीचे नाव गोवले होते. ती दृश्ये रचलेली होती. कोब्लेंझच्या न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. गालिचा धंद्यात बालमजुरी नव्हती असे नाही. १९९४ मध्ये 'रगमार्क' हे प्रमाणचिन्ह निघाले ते त्यासाठीच. पण खऱ्या दुःखावर खोटी चित्रफीत बनवल्याने प्रामाणिक विणकराचेही नुकसान होते. भदोही-मिर्झापूरच्या मागांवर बसणारे अनेक अन्सारी बांधव जर्मन गिऱ्हाइकावर पोट भरतात, हे त्या चित्रफितीच्या खरेदीदारांच्या गावीही नसेल.

कर्जाची इमारत

आरटीएलचा मुख्य प्रतिस्पर्धी लिओ कीर्श. १९५६ मध्ये फेलिनीच्या 'ला स्ट्राडा' या इटालियन चित्रपटाचे हक्क घेऊन त्याने सुरुवात केली व पुढे हजारो चित्रपटांचा साठा जमवला. 'झाट आइन्स' व 'प्रोझीबेन' या वाहिन्यांमागे तोच होता. त्याने पैसे भरून पाहायच्या वाहिनीवर, २००२ व २००६ च्या फुटबॉल विश्वचषकांवर, मोटार शर्यतींवर बँकांच्या पैशाने बेफाम खर्च केला. जर्मन माणसाला तीसहून अधिक वाहिन्या जवळपास फुकट मिळत असताना तो आणखी पैसे का मोजील, हा साधा प्रश्न होता. फेब्रुवारी २००२ मध्ये डॉइश बँकेच्या प्रमुखाने, कीर्शला आता कोणी कर्ज देईल असे वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार मुलाखतीत काढले आणि एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. देणे सुमारे ६५० कोटी युरो. त्या उद्गारांबद्दलचा दावा २०१४ मध्ये बँकेने कीर्शच्या वारसांना सुमारे ९२ कोटी युरो देऊन मिटवला. कीर्श तोवर वारला होता. त्याच्या वाहिन्या मात्र हातोहाती फिरल्या. २००३ मध्ये अमेरिकेतील हाइम साबान, २००७ मध्ये गुंतवणूक कंपन्या, आणि २०२५ मध्ये इटलीच्या बर्लुस्कोनी घराण्याची कंपनी बहुमताची मालक झाली. व्याजाच्या पायावर धंदा वाढवणे किती धोक्याचे, हे सांगायला याहून मोठे उदाहरण मिळणार नाही.

बर्टल्समानने सावकाश पावले टाकली. १९९७ मध्ये लक्झेंबर्गची कंपनी व उफा एकत्र आल्या, २००० मध्ये ब्रिटनच्या पिअर्सन टीव्हीला सामील करून 'आरटीएल ग्रुप' झाला आणि २००१ मध्ये बेल्जियमच्या आल्बेर फ्रेर यांच्याशी समभागांची अदलाबदल करून बर्टल्समानने बहुमत मिळवले. त्या बदल्यात फ्रेर यांना बर्टल्समानचा चौथा हिस्सा द्यावा लागला. त्यांनी तो शेअर बाजारात आणण्याची तयारी करताच मोन कुटुंबाने २००६ मध्ये ४५० कोटी युरो मोजून परत घेतला. त्या कर्जाच्या फेडीसाठी गाण्यांच्या हक्कांचा धंदा विकला. घरची मालकी घरातच ठेवण्याची किंमत त्यांनी चुकती केली.

२०१२ पासून प्रेक्षकसंख्येत झेडडीएफ पुन्हा पहिली आहे. तरुण मंडळी इंटरनेटवर गेली. आरटीएलने आपल्या इंटरनेट सेवेला २०२१ मध्ये 'आरटीएल प्लस' हे जुनेच नाव दिले आणि जून २०२५ मध्ये 'स्काय डॉइशलांड' घेण्याचा करार जाहीर केला: प्रारंभी १५ कोटी युरो, शिवाय आरटीएलच्या समभागाच्या भावावर अवलंबून पुढची रक्कम. गंमत अशी की, ज्या पैसे भरून पाहायच्या वाहिनीने कीर्शला बुडवले, तिचाच हा वारसा.

भारतात या समूहाने २०१२ मध्ये रिलायन्स ब्रॉडकास्टसोबत 'बिग आरटीएल थ्रिल' ही हिंदी वाहिनी काढली. भागीदारी टिकली नाही. मात्र याच समूहाची 'फ्रीमँटल' ही कंपनी २००४ पासून 'इंडियन आयडॉल'मागे आहे आणि २०२१ मध्ये त्याची मराठी आवृत्तीही सोनी मराठीवर आली. वाहिनी चालवण्याचा खर्च व जोखीम दुसऱ्याची; कार्यक्रमाच्या साच्याचे भाडे लक्झेंबर्गला जाते.